मीटिंगमध्ये तोंड उघडायला लावेल असं पुस्तक सुचवा (प्रेरणादायी नको)

तेरीज_पत्रक

११ वर्षं अकाउंट्समध्ये काढली. आकड्यांची भीती नाही, माणसांची आहे. एकेकट्या माणसाचीही नाही खरं तर. लांबलचक टेबलाभोवती आठ-नऊ जण मिळून बसले की होते ती.

गेल्या वर्षापर्यंत माझं काम पडद्यामागचं होतं. मंथ-एंड उरकायचं, एमआयएस (वरिष्ठांसाठीचा आकड्यांचा अहवाल) तयार करायचा, साहेबांना पाठवायचा. मीटिंगमध्ये बोलायचे ते. आता ते दुसऱ्या विभागात गेले आणि दर महिन्याला आकडे मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बढती म्हणा, शिक्षा म्हणा.

मागच्या महिन्याचा प्रसंग सांगते. फ्रेटचा, म्हणजे मालवाहतुकीचा, खर्च बजेटच्या बराच वर गेला होता. का, ते मला पक्कं ठाऊक होतं. ट्रान्सपोर्टरची आधीच्या महिन्याची बिलं उशिरा आली, त्यांची प्रोव्हिजन (बिल यायच्या आधीच त्या महिन्यात खर्च धरून ठेवणं) करायची राहिली होती, त्यामुळे दोन महिन्यांचा खर्च एकाच महिन्यात बुक झाला. व्हाउचर मी स्वतः पाहिली होती. प्रश्न आला, "फ्रेट का वाढलं?" मी म्हणाले, "बघून सांगते." बघायचं काय होतं? काहीच नाही. तेवढ्यात सेल्सचे एक जण म्हणाले, "डिझेल वाढलंय ना!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मिनिट्समध्येही (मीटिंगच्या लेखी नोंदीत) डिझेलच गेलं. घरी जाईपर्यंत मी ते उत्तर मनातल्या मनात अस्खलित म्हणत होते, बिल नंबरांसकट.

आत्मविश्वासावरची तीन पुस्तकं वाचून झाली. नावं घेत नाही, लेखकांचा दोष नसेल. एकात रोज सकाळी आरशात बघून स्वतःला शाबासकी द्यायला सांगितलं होतं. चार दिवस दिली. पाचव्या दिवशी आरशातली बाई माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती बघून बंद केलं. तिन्ही पुस्तकांचं एकच झालं: वाचताना छाती फुगते, दोन दिवसांत हवा जाते.

तर असं काही आहे का, की जे पुढच्या मीटिंगला खरोखर कामाला येईल? जाड असलं तरी चालेल. फक्त गरुड, सिंह आणि शिखरं नकोत.

सुतावरून_स्वर्ग

एमी कडी यांचं 'प्रेझेन्स' (२०१५). मीटिंगआधी दोन मिनिटं एकट्यानं कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून, ताठ उभं राहायचं. वॉशरूममध्ये जमतं. मी मुलाखतीच्या आधी करतो, मला तरी फरक पडतो. त्यांचं भाषणही बघा, २०१२ सालचं.

शून्य_उणे_एक

तो फरक नेमका कशात पडतो, ते सांगायला हवं. ज्या प्रयोगावर हे उभं आहे तो २०१० सालचा, त्यात ४२ माणसं होती. ऐटीत उभं राहिल्यानं शरीरातले हार्मोन्स बदलतात आणि माणूस जोखीम घ्यायला धजावतो, असा दावा होता. २०१५ साली दुसऱ्या गटानं २०० जणांवर तोच प्रयोग केला. माणसांना 'जरा जोर आल्यासारखं वाटतं' एवढं निघालं. हार्मोन्स जिथल्या तिथे, जोखमीचंही तसंच. मूळ प्रयोगाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीर सांगून टाकलं की हा परिणाम खरा आहे असं त्यांना आता वाटत नाही. हे लिहायला धैर्य लागलं असणार, कुठल्याही पोझशिवाय.

सुतावरून, तुम्ही उभे राहा हो. नुकसान काही नाही. पण धागाकर्तीला तर उत्तर माहीत असूनही बाहेर पडत नाहीये. त्याला ताठ पाठ काय करणार?

सुतावरून_स्वर्ग

बरं. वॉशरूममधली माझी दोन मिनिटं तेवढी ठेवतो.

निवृत्त_पण_चालू

तेरीज_पत्रक, तुमचं 'बघून सांगते' वाचून हसू आलं, कारण माझं 'चेक करून कळवतो' असायचं. ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये होतो.

चालू कंप्रेसरचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग जातंय ते मी सांगायचो. आणि तेच शटडाउनच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगायचं म्हटलं की घशाला कोरड. तेव्हा मला वाटायचं, आत्मविश्वास म्हणजे टाकीतलं पाणी. माझ्या टाकीत कमी आहे, पुस्तकं वाचून भरायचं. दहा-बारा पुस्तकं ओतली. टाकी गळकी आहे असा निष्कर्ष काढला आणि गप्प बसलो.

मग एका ट्रेनिंगमध्ये अल्बर्ट बंडुराचं नाव ऐकलं. मानसशास्त्रज्ञ. १९७७ साली त्यांनी 'सेल्फ-एफिकसी'वर, म्हणजे 'हे काम मला जमेल' या विश्वासावर, एक मोठा लेख लिहिला आणि १९९७ मध्ये त्याच नावाचं जाडजूड पुस्तक. पुस्तक तुम्ही वाचू नका, ते अभ्यासकांचं आहे, मीही अर्ध्यात सोडलं. पण त्यातली एक गोष्ट माझ्या टाकीच्या कल्पनेचा निकाल लावून गेली. विश्वास असा सरसकट, एकगठ्ठा नसतोच. तो एकेका कामाचा वेगवेगळा असतो. व्हाउचर तपासण्याचा तुमचा विश्वास शंभर नंबरी आहे. 'नऊ माणसांसमोर, विचारल्यावर पाच सेकंदांत, एका वाक्यात कारण सांगणं' हे वेगळंच काम आहे आणि ते तुम्ही ११ वर्षांत जेमतेम आठ-दहा वेळा केलंय. नवशिक्या माणसाला त्या कामाचा विश्वास नसणारच. त्यात तुमच्या स्वभावाचा काय संबंध?

हा विश्वास येतो कुठून, त्याची त्यांनी चार खाती सांगितली आहेत. तुम्ही अकाउंट्समधल्या, तुम्हाला खाती पटतील. पहिलं, स्वतः केलेलं आणि जमलेलं. दुसरं, आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहिलेलं. तिसरं, कुणीतरी 'तुला जमेल' म्हणून पटवलेलं. चौथं, आपल्या छातीची धडधड आपण कशी वाचतो ते. यातलं सगळ्यात भक्कम खातं पहिलं. तुमची ती तीन पुस्तकं तिसऱ्या खात्यात जमा होतात, आणि पहिल्या खात्यात काही नसेल तर तिसऱ्यातली शिल्लक दोन दिवसांत उडते. तुमचा अनुभव हाच ना?

सापाला भिणाऱ्या लोकांवर त्यांनी प्रयोग केले होते. साप निरुपद्रवी असतो असं व्याख्यान त्यांनी दिलं नाही. आधी दुसऱ्याला साप हाताळताना लांबून बघायचं, मग त्या खोलीत जायचं, मग जाड हातमोजे घालून शिवायचं, मग मोज्यांशिवाय. पायरीगणिक थोडं जमत गेलं, तशी वर्षानुवर्षांची भीती गेली.

आता तुमचं पुस्तक. नाव ऐकून म्हणाल, म्हाताऱ्याचा गोंधळ झालाय. अतुल गवांदे यांचं 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' (२००९). गवांदे सर्जन आहेत. आत्मविश्वास हा पुस्तकाचा विषयच नाही, आणि म्हणूनच सुचवतोय.

त्यात १९३५ ची गोष्ट आहे. बोइंगचं नवं बॉम्बर विमान, हाताशी कसलेला पायलट, आणि विमान उडालं की लगेच कोसळलं. यंत्रात दोष नव्हता. शेपटीकडच्या पृष्ठभागांचं कुलूप उघडायचं राहून गेलं होतं. पायलटांना आणखी ट्रेनिंग द्या किंवा त्यांचं मनोबल वाढवा असं कुणी म्हटलं नाही. एका कार्डावर मावेल एवढी यादी केली. माहिती डोक्यात असणं आणि ऐन वेळी हाताशी असणं यात जे अंतर आहे, त्याचं हे पुस्तक आहे. तुमचं दुखणंही त्याच अंतरातलं.

आणि एक प्रकरण तुम्ही मुद्दाम वाचा. ऑपरेशनच्या आधी टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं, अशी एक ओळ त्यांच्या यादीत आहे. सुरुवातीला लोकांना बालिश वाटली. पण ज्या नर्सला सुरुवातीला एक वाक्य बोलायची संधी मिळते, ती पुढे काही चुकतंय असं दिसलं तर बोलून टाकते. एकदा आवाज फुटला की फुटला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेली ती १९ मुद्द्यांची यादी आठ हॉस्पिटलांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. सगळं श्रेय नावं सांगण्याला नाही, उगाच कुणी शून्य_उणे_एकांना बोलावू नका.

मी काय करायचो ते सांगतो. मीटिंगच्या आदल्या दिवशी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच ओळी. प्रत्येक ओळीत एक बिघाड, एक कारण, एक आकडा. 'पंप २, सील गेलं, ६ तास.' बस. आणि मीटिंग सुरू झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काहीही बोलायचं. 'पंखा जरा कमी करू का' हेसुद्धा चालतं. पहिला महिना पंख्यावरच गेला माझा.

तेरीज_पत्रक

निवृत्तकाका, खाती अगदी पटली. पण तुम्ही म्हणता ते 'पहिलं खातं' उघडायचं कसं, तिथेच तर अडलंय. ओपनिंग बॅलन्स शून्य.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचं म्हणणं, मला इम्पोस्टर सिंड्रोम आहे. तिनं पॉलिन क्लॅन्स यांचं १९८५ सालचं पुस्तक हातात ठेवलं. निम्मं वाचलं. पण त्यातल्या बायकांना वाटतं की आपण लायक नाही, नशिबानं इथवर आलो आणि एक दिवस पकडले जाऊ. मला तसं मुळीच वाटत नाही. मला त्या खोलीत सगळ्यात जास्त माहिती आहे हे मला माहीत आहे. तरी तोंड उघडत नाही. हे जास्त चमत्कारिक नाही का?

शून्य_उणे_एक

चमत्कारिक नाही, वेगळं आहे. क्लॅन्स आणि आइम्स यांच्या १९७८ च्या मूळ लेखात 'सिंड्रोम' हा शब्दही नव्हता, 'फिनॉमिनन' होता. आजार म्हणून तो नंतर लोकांनी चिकटवला. निदान चुकलं की पुस्तकही चुकतं. ते बाजूला ठेवा, मैत्रिणीला परत करा.

मुखदुर्बळ

माझ्या आयडीवरून ओळखलंच असेल. तुमच्या जागी मी सहा वर्षं होतो.

'पाच ओळींचं कार्ड' चांगलंच आहे, पण माझ्या बाबतीत कार्ड खिशात राहायचं. कारण खाली एक वेगळंच वाक्य चालू असायचं: मी चुकता कामा नये. चुकलो तर सगळे हसतील, आणि हसले तर संपलंच. ते वाक्य मला अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं. मराठीत वाचायचं असेल तर डॉ. अंजली जोशींची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी आहे, तिथून सुरुवात करा. इंग्रजी चालत असेल तर 'अ गाइड टू रॅशनल लिव्हिंग', एलिस आणि हार्पर, १९६१.

एलिस म्हणतो, प्रसंगानं आपण गळाठत नाही. प्रसंगाबद्दल आपण स्वतःशी जे 'च' लावून बोलतो, त्यानं गळाठतो. 'मला नीट बोलता आलं तर बरं' ही इच्छा झाली. 'मला नीट बोलता आलंच पाहिजे' ही सक्ती झाली. तुमच्या 'बघून सांगते'च्या आधी अर्ध्या सेकंदात काय चालू होतं, ते आठवून बघा. माझी पैज आहे, तिथे एक 'च' सापडेल.

मला तो आवडला कारण तो स्वतः भित्रा होता. तरुणपणी चार लोकांपुढे बोलायला घाबरायचा, म्हणून मुद्दाम भाषणं करत सुटला. १९ व्या वर्षी मुलींशी बोलायची भीती घालवायला न्यूयॉर्कच्या एका बागेत जाऊन बसला. बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं, असा महिनाभर नेम. हिशोब त्यानंच देऊन ठेवलाय: १३० जणींपैकी ३० लगेच उठून गेल्या, १०० जणी बोलल्या, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कुणी पोलिसांना बोलावलं नाही, कुणी ओकत पळालं नाही. भीती गेली. (आजच्या काळात बागेतला प्रयोग करू नका, उदाहरण म्हणून घ्या.)

पुढे तो पेशंटना असले उद्योग सांगायचा: दोरी बांधून केळं रस्त्यावरून फिरवा, कुत्रं फिरवल्यासारखं. लोक हसतात, आणि हसून आपापल्या कामाला जातात, एवढंच शिकायचं.

मी केळं नाही फिरवलं. एका मीटिंगमध्ये मुद्दाम, ठरवून, एक बावळट प्रश्न विचारला: "हे 'एसएलए' म्हणजे नक्की काय हो?" ११ जण होते. एकानं सांगितलं (सेवा किती वेळात, कशी द्यायची त्याचा करार). नंतर जिन्यात दोघं म्हणाले, बरं झालं विचारलंत, आम्हालाही माहीत नव्हतं.

तेरीज_पत्रक

'च' सापडला. "आकडा अचूकच सांगितला पाहिजे." आमच्या धंद्यात हा 'च' पगारासाठी लागतो हो. लेजरमध्ये तो हवाच. मीटिंगमध्ये तो कसा काढून ठेवायचा, तेवढं बघते.

काठावरची

सगळे तिच्यातच का शोधताय? खोलीकडेही बघा जरा. ज्या मीटिंगमध्ये 'डिझेल' हे उत्तर आकडा न विचारता मिनिट्समध्ये जातं, तिथे अर्धी अडचण मीटिंग चालवणाऱ्याची आहे.

एमी एडमंडसन यांचं 'द फिअरलेस ऑर्गनायझेशन' (२०१८) वाचा, आणि जमलं तर वरिष्ठांच्या टेबलावर 'विसरून' या. त्यांच्या सुरुवातीच्या एका अभ्यासात हॉस्पिटलमधल्या चांगल्या टीम जास्त चुका करतात असं दिसलं. आकडे उलटे आले म्हणून त्या चक्रावल्या. मग लक्षात आलं, चांगल्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. बाकीच्या ठिकाणी लोक गप्प होते. पुस्तक थोडं लांबलंय, कंपन्यांच्या गोष्टी भरपूर, पहिली शंभर पानं पुरे.

आणि स्वतःसाठी सुसान केन यांचं 'क्वाएट' (२०१२). त्या आधी कॉर्पोरेट वकील होत्या. सुरुवातीलाच एका बुजऱ्या वकिलीणबाईंची गोष्ट आहे, समोर चढ्या आवाजातले बँकर. तिला आवाज चढवता येत नाही, म्हणून ती प्रश्न विचारत जाते. हळू आवाजात, एकामागून एक. समोरचेच खाली येतात. ती वकीलबाई म्हणजे त्याच, हे नंतर कळतं.

तुमच्या बाबतीत एकच प्रश्न पुरला असता: "डिझेल किती टक्के वाढलं?"

तेरीज_पत्रक

हा प्रश्न मला त्या दिवशी का सुचला नाही! आता जिन्यात सुचतोय.

मीटिंग गुरुवारी आहे. गवांदे मागवलंय, पोहोचेल तेव्हा पोहोचेल. कार्ड आजच करते.

निवृत्त_पण_चालू

कार्डावर जास्त लिहू नका. पाच ओळी म्हणजे पाच. आणि वाचून दाखवायचं नाही. आधी बोलायचं, मग अडलं तर कार्डाकडे नजर टाकायची. गवांदेंच्या पुस्तकात याद्यांचे दोन प्रकार आहेत, वाचत वाचत करायच्या आणि करून झाल्यावर ताडून बघायच्या. तुमची दुसऱ्या प्रकारची.

तेरीज_पत्रक

झाली मीटिंग. जसं घडलं तसं लिहिते.

कार्ड केलं. पाचाच्या सात ओळी झाल्या, काका, माफ करा. वेळेआधी दहा मिनिटं जाऊन बसले. पंख्याचं आमच्याकडे काही जमण्यासारखं नव्हतं, एसी आहे. म्हणून पहिलं वाक्य "स्क्रीन सगळ्यांना दिसतेय ना?" कुणीच उत्तर दिलं नाही. पण आवाज बाहेर पडला होता.

मग मीच म्हणाले, मागच्या मिनिट्समध्ये एक दुरुस्ती आहे. हात थरथरत होते, माउस सोडून दिला. "फ्रेटमध्ये आधीच्या महिन्याची बिलं आली होती. ती काढली तर खर्च बजेटच्या आत आहे." दोन वाक्यं, घरी १४ वेळा म्हटलेली. सेल्सचे ते गृहस्थ म्हणाले, "पण डिझेलही वाढलंच आहे की." आणि मी, काठावरची, तुमचा प्रश्न विचारला. किती टक्के? त्यांना माहीत नव्हतं. मला होतं, कार्डाची सहावी ओळ. सांगितलं. ते म्हणाले, "मग ठीक." बस्स. एवढंच. इतके दिवस मी या 'मग ठीक'ला घाबरत होते.

दुरुस्ती मिनिट्समध्ये गेली. माझं नाव नाही गेलं, 'अकाउंट्सकडून' असं गेलंय. चालेल.

पुढे ९० दिवसांच्या वर थकलेल्या, कस्टमरांकडून यायच्या पैशांवर प्रश्न आला, त्यातला एक कस्टमर कार्डावर नव्हता आणि डोक्यातही नव्हता. कान गरम झाले. म्हणाले, "बघून सांगते." आणि या वेळी खरंच बघायचं होतं.